कलम जगलं की मेलं

एका गावात एक भोळा संशोधक राहत होता. भोळे त्या गावात आणखीही होते, पण संशोधक हा एकटाच, म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. नाव विसू केळुसकर.

नाक्यावर माझं माठ आणि कुंड्यांचं दुकान. विसू कुंड्या न्यायला यायचा. त्यांत आंब्याची कलमं लावायचा आणि कोणतं जगतं, कोणतं मरतं याचा अभ्यास करायचा. त्या हिशेबाला लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात. मी शाळा लवकर सोडलेला माणूस, पण गिऱ्हाइकांशी बोलून मला समजलं ते असं: उत्तर हो किंवा नाही एवढंच असेल, तर काय असलं की पारडं 'हो'कडे झुकतं ते बघायचं. सावली असली की? पाणी असलं की?

विसूला पीएचडी मिळाली की गावातले भास्कर तिरोडकर आपली मुलगी वृंदा त्याला देणार होते. नाही मिळाली तर दुसरं स्थळ तयारच होतं. वृंदाला मात्र विसूच हवा होता. का, ते तिलाच ठाऊक.

विसूचा एक गुण होता. कोणी काही शिकवलं की "बरं, लक्षात ठेवतो" म्हणायचा, आणि खरंच लक्षात ठेवायचा. सगळा घोळ तिथून सुरू व्हायचा.

त्याच्या मार्गदर्शक प्रभुदेसाई मॅडम. त्या एकदा म्हणाल्या, "विसू, सावलीमुळे कलमं जगली असं लिहायचं नाही. सावली आणि जगणं यांत संबंध आढळला, एवढंच लिहायचं. कारण सिद्ध झालेलं नाही."

"बरं, लक्षात ठेवतो," विसू म्हणाला आणि स्कूटर घेऊन निघाला. ती थेट माझ्या माठांच्या उतरंडीत.

"अरे मेल्या, तुझ्यामुळे सगळे माठ फुटले."

"तसं म्हणता येणार नाही, शेट. माझी स्कूटर येणं आणि तुमचे माठ फुटणं यांत संबंध आढळला. कारण सिद्ध झालेलं नाही."

मी खापऱ्या गोळा करत त्याला समजावलं, "बाबा रे, कोणाचं काही वाईट झालं की हात जोडावेत आणि 'माझ्यामुळे झालं, चुकलो' म्हणावं. माणूस निवळतो."

"बरं, लक्षात ठेवतो."

पुढच्या आठवड्यात मॅडमच्या हातात विसूच्या प्रबंधाचं प्रकरण पडलं. त्यात लिहिलं होतं: 'उन्हातली बरीच कलमं मेली. ती माझ्यामुळे मेली. चुकलो.'

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मजकूर तोच होता.

"विसू, माफी नको, आकडा हवा. आणि आकडा एकटा द्यायचा नाही. इथपासून इथपर्यंत असा पल्ला द्यायचा. आपण थोडीच कलमं बघतो, त्यामुळे खरा आकडा नेमका कुठे आहे ते आपल्याला माहीत नसतं."

"बरं, लक्षात ठेवतो."

त्याच संध्याकाळी तिरोडकरांनी त्याला चहाला बोलावलं. मीही होतो. तिरोडकरांनी विचारलं, "वय काय तुमचं?"

"बावीस ते एकोणचाळीस."

"भावंडं किती?"

"शून्य ते चार. आई दोन म्हणते, पण मी तिला एकटीलाच विचारलंय."

दाराआड वृंदाला ठसका लागला. तिरोडकर म्हणाले, "हे बघा जावईबापू, अजून झाला नाहीत, पण म्हणतो. गोलगोल बोलणं मला चालत नाही. काय ते एक सांगावं. हो तर हो, नाही तर नाही."

"बरं मामा, लक्षात ठेवतो."

मग प्रबंधातला तक्ता असा झाला: 'सावली: हो. पाणी: हो. खत: नाही.' 

मॅडमनी तक्ता त्याच्यासमोर सरकवला. मग म्हणाल्या, "सावली हो म्हणजे काय? सावलीत जगलेल्यांचं मेलेल्यांशी प्रमाण दुप्पट आलंय, पण कोणाच्या दुप्पट? उन्हातल्यांच्या. कोणाच्या तुलनेत ते कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

विसूने लक्षात ठेवलं. रविवारी मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता. वृंदा पोहे घेऊन आली, समोर बसली. तिरोडकरांनी विचारलं, "मग, आमची वृंदा पसंत आहे ना?"

"कोणाच्या तुलनेत?"

विसूने खोलीत नजर फिरवली, ती वृंदाच्या आईवर थांबली. मदत करावी म्हणून म्हणाला, "समजा, मामींच्या तुलनेत?"

मामी आत गेल्या त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. वृंदाने त्याला अंगणात नेलं.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का रे? त्या कलमांना ऊन किती, पाणी किती, सगळं विचारतोस. माझ्या बाबांची कधी विचारपूस केलीस?"

"नाही. लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो तिरोडकरांच्या बागेत हजर. "मामा, तुम्हाला ऊन किती लागतं?"

तिरोडकर विरघळले. "काय सांगू. दिवसभर उन्हातच असतो."

"पाणी?"

"प्यायचं राहूनच जातं बघा."

"वय?"

"सत्तरी आली आता."

विसूने सगळं टिपून घेतलं. तिरोडकर संध्याकाळी मला म्हणाले, "पोरगा साधा आहे, पण माया आहे. त्याच्या तोंडी परीक्षेला, त्या व्हायवाला, पेढे घेऊनच जातो."

व्हायवाच्या आधी मॅडमनी शेजारी बसवून सगळे तक्ते दुरुस्त करून घेतले. शेवटी म्हणाल्या, "मॉडेल प्रत्येक कलमाची जगण्याची शक्यता देतं. अर्ध्याच्या वर असेल तर जगलं धरायचं, खाली असेल तर मेलं धरायचं. प्रत्यक्षात काय झालं ते नंतर ताडून बघायचं."

"बरं, लक्षात ठेवतो."

व्हायवाला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत तिरोडकर, मांडीवर पेढ्यांचा पुडा. शेजारी वृंदा, तिच्यामागे मी. बाहेरगावचे परीक्षक खोदून खोदून विचारत होते आणि विसू बरोबर उत्तरं देत होता. पल्ला सांगत होता, तुलना सांगत होता, कारण म्हणत नव्हता. परीक्षक खूश झाले. "पदवी द्यायला आमची हरकत नाही. कोणाचे आभार मानायचे असतील तर माना."

तिरोडकरांनी पुड्याचा दोरा सोडला.

विसू म्हणाला, "हा प्रबंध मी माझे होणारे सासरे, कैलासवासी भास्कर तिरोडकर यांच्या स्मृतीस अर्पण करतो. कृपया सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

सगळे उभे राहिले. सवयीने तिरोडकरही उभे राहिले. मान खाली घातल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"विसू, मी जिवंत आहे."

"मॉडेलमध्ये तुम्ही अर्ध्याच्या खाली आलात, मामा. ऊन जास्त, पाणी कमी. आणि गोलगोल बोललेलं तुम्हाला चालत नाही."

"अरे, मी तुझ्यासमोर उभा आहे."

"ते नंतर ताडून बघायचं असतं."

तिरोडकरांनी पुड्याला पुन्हा दोरा गुंडाळला. "वृंदा, चल."

वृंदा जागची हलली नाही. तिने विसूकडे बघून हात जोडून दाखवले, म्हणजे माफी माग एकदाची. मीही मागून तीच खूण केली.

विसूने माझ्याकडे बघितलं आणि त्याला माठ आठवले. तो व्यासपीठावरून खाली उतरला, तिरोडकरांसमोर वाकला आणि हात जोडून म्हणाला,

"चुकलो, मामा. तुम्ही वारलात ते माझ्यामुळेच."