दोन वेशींची गढी

त्या राज्यात एक रीत होती. कुणाकडे गेले की वेशीबाहेर उभे राहून तीनदा हाक मारायची. आतून ओ आली तर थांबायचे. नाही आली, तर आपण नकोसे झालो असे समजून परत फिरायचे, ते कायमचे.

राणी इरावतीच्या गढीला डावी-उजवीकडे एकेक वेस, पुढे दोन खिडक्या आणि त्यांच्याखाली एक दरवाजा होता. दोन्ही वेशींची दारे हळूहळू फुगली आणि गच्च बसली. बाहेर लोक हाका मारून घसा कोरडा करत, आत चिडीचूप. "राणीला शिंगं फुटली," म्हणत ते परतले. ती बिचारी खिडकीतून हलणारे ओठ पाही आणि अंदाजाने उत्तर देई. एकाने बाप गेल्याचे सांगितले, तर ही हसून म्हणाली, "फार छान झालं!" त्यानंतर खिडकीसमोरही कुणी फिरकेना.

रीत मोडून येत राहिली ती एकटी तिची लेक, रेवती. हिनेही पाठ फिरवली तर, या धास्तीने राणीला घास उतरत नसे.

शेवटी लेकीनेच तारकाम करणारा कारागीर आणला. खिडकीसमोर उभा राहून तो सावकाश बोलला, "दारं आता उघडायची नाहीत, राणीसाहेब. वेशीमागे शंखासारखा वळणाचा जिना आहे, त्यात तार सोडतो. बाहेर कुणी बोललं की आत ठिणगी पडेल. तिची हाक तुम्हालाच करून घ्यावी लागेल."

उजव्या वेशीत तार बसली. लेकीने हाक मारली आणि आत पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळले. राणी ढसाढसा रडली. लेकीच्या आवाजात लेक नाही, इतके एकटे तिला शांततेतही वाटले नव्हते.

लेक मात्र चिवट. खिडकीसमोर बसून ती हाक मारी, ओठ दाखवी, पुन्हा हाक मारी. हळूहळू खड्यांना कंठ फुटला. पण हाक कुठूनही येवो, राणी उजवीकडेच धावे. म्हणून डाव्या वेशीतही तार सोडली. तिथे पुन्हा खडेच.

"मी दमले गं आई," एके दिवशी खिडकीसमोर रेवती म्हणाली. "उद्या डावीकडून येईन. रीतीनंच."

दुसऱ्या दिवशी खिडक्यांसमोर कुणी नव्हते. कुठेतरी खडे खुळखुळले. वारा असेल, राणीला वाटले. पुन्हा खुळखुळले. मग अगदी थकलेल्या सुरात, डावीकडून, "आई गं!"

अख्खी गढी आपल्या मानेवर सावकाश डावीकडे वळली. दोन्ही खिडक्या लेकीवर येऊन थांबल्या, पाण्याने भरल्या. खालचा दरवाजा थरथरत उघडला.

"ओ!"