चिमाक्काचे दोन कान

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा नदीवर पूल नव्हता, आणि पेवखेड गावाचं सगळं धान्य गावाबाहेरच्या माळावर जमिनीच्या पोटात राहत असे. वर माणूस उतरेल एवढं तोंड आणि खाली खोलीएवढा खड्डा, त्याला पेव म्हणायचे. त्या गावात चिमाक्का होऊन गेली.

चिमाक्काचं डोकं जन्मापासूनच वाकडं होतं. एक कान भुवईच्या रेषेत, तर दुसरा पार जबड्यापाशी. सुईण म्हणाली, तेल लावून चोळत राहा, बसेल जागेवर. आईनं चोळून चोळून घरातलं तेल संपवलं, डोकं होतं तसंच राहिलं. गावानं तिला घुबडी म्हणायला सुरुवात केली. नावं ठेवायला गावाला कधी कंटाळा येतो का? हिला कोण करून घेणार, या काळजीनं आई झुरत राहिली. आणि एक दिवस पेवं खणणाऱ्या धुळाप्पानं तिला मागणी घातली. लोक हसले, तेव्हा तो म्हणाला, "माझा सारा दिस अंधारात जातोय. मला वर बसून ऐकणारं माणूस पायजे. रूप घिऊन काय करू?"

संसार सुखाचा झाला. तो पेवात उतरला की ती तोंडाशी बसायची. खालून तो अधूनमधून कुदळीच्या दांड्यानं भिंतीवर थाप द्यायचा. थाप आली, की धनी खुशाल आहे असं समजून ती पुढचं धान्य निवडायची.

एकदा पोरांनी चिंचेवरच्या गव्हाणी घुबडाला दगड मारून खाली पाडलं. अशुभ पाखरू म्हणून कुणी हात लावेना. चिमाक्कानं ते पदरात घालून घरी आणलं. जखम धुवायला तिनं त्याच्या तोंडावरची पिसं बाजूला केली आणि तिचा हात थांबला. पिसांखाली त्याच्या कानांची भोकं होती, एक वर आणि एक खाली. ती त्याच्याशेजारीच बसली आणि खूप रडली. आपल्यासारखं कुणीतरी आहे, हे तिला जन्मात पहिल्यांदा कळलं होतं.

पाखरू बरं झालं, पण गेलं नाही. त्याचा चेहरा सुपासारखा पसरट. सुपात धान्य गोळा व्हावं तसा त्यात आवाज गोळा व्हायचा, असं म्हणतात. कडब्याखाली उंदीर हलला की ते मान तिरकी करायचं, थोडी इकडे, थोडी तिकडे, आणि न बघता नेमकं तिथंच झेपावायचं. चिमाक्का ते बघून बघून शिकली. श्वास धरायचा, मान फिरवायची, दोन्ही कानांत आवाज सारखा भरला की तो अगदी समोर. खाली कुठं भिंत पोकळ झाली आहे, कुठं घूस लागली आहे, ती वरून सांगू लागली. घुबडी म्हणणारेच तिला बोलवायला येऊ लागले, म्हणा.

पुढं एका वर्षी अवकाळी पाऊस झाला आणि माळ आतून भिजला. जुनं पेव साफ करायला धुळाप्पा आणि त्याच्या हाताखालचा भुजंगा खाली उतरले होते. भुजंगाच्या अंगाची हळद अजून उतरली नव्हती. भर दुपारी ओळीतली सगळी पेवं एकात एक ढासळली. तोंडं बुजली, खुणा गेल्या. नुसता चिखलाचा सपाट माळ उरला. कुठं खणायचं, हेच कुणाला कळेना.

चिमाक्कानं सगळ्यांना हात जोडले आणि गप्प राहायला सांगितलं. ती पालथी पडली, गाल मातीला लावला, मान फिरवली. तिला दोन आवाज आले. एक होती थाप, लांबून, नेमकी कुठून ते अजून ठरेना, पण दमदार. ती तिला झोपेतही ओळखू आली असती. दुसरं होतं कण्हणं, जवळचं पण विझत चाललेलं. तिच्या मनात काय झालं असेल ते तिचं तिला ठाऊक. तिनं कण्हण्याच्या जागी बोट ठेवलं.

"आधी ह्याला काढा," ती म्हणाली. "माझा धनी थांबंल."

गावानं खणलं, आणि भुजंगा जिवंत निघाला.

आता पेवखेडची एक रीत होती. मरणाच्या दारातून माणूस परत आला की तिथल्या तिथं हलगी वाजवायची आणि देवळाची घंटा बडवायची, म्हणजे यम घाबरून मागं फिरतो. तशी हलगी कडाडली, घंटा सुरू झाली. बाया ओवाळायला धावल्या, माणसं नाचली. चिमाक्का चिखलात गुडघ्यांवर ओरडत होती, "अजून एक हाय! गप बसा की वो, अजून एक हाय!" तिचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. कान सगळ्यांना होते, पण ते आनंदानं भरले होते. त्यांना दोष तरी काय द्यायचा?

शेवटी भुजंगाच्या आईनं तिच्याकडे पाहिलं आणि हलगीवाल्याचा हात धरला. माळ शांत झाला. चिमाक्कानं पुन्हा गाल टेकला. खालून काहीच येत नव्हतं.

गाव मिळेल तिथं खणत राहिलं. धुळाप्पा सापडला तेव्हा कुदळीचा दांडा त्याच्या मुठीत होता.

त्यानंतर चिमाक्का माळावरून उठली नाही. तशीच एक कान मातीला लावून पडून राहिली. घुबड तिच्या उशाशी बसायचं, मान तिरकी करून. मग एका सकाळी दोघंही तिथं नव्हती. मातीत फक्त गालाएवढा खळगा होता. कितीही पाऊस पडला तरी तो भरत नाही, असं म्हणतात.

आता पेवं राहिली नाहीत. पण पेवखेडात घुबडाला कुणी दगड मारत नाही, आणि धान्याच्या खोलीला दोन झरोके ठेवतात, एक वर, एक खाली. लग्न असो, बारसं असो, हलगीवाला हलगी शेकून तयार असतो, तरी वाजवत नाही. आधी घरातली सगळ्यांत थोरली बाई अंगणात वाकते, गाल जमिनीला लावते आणि विचारते, "अजून कुणी हाय का?"

सगळा मांडव श्वास धरून उभा राहतो. खालून काही येत नाही. मग ती डोळे पुसत उठते, मान हलवते, आणि तेव्हा कुठं हलगीवर पहिली थाप पडते.