मिटलेल्या मिशा

एका जंगलात, बेहड्याच्या मुळाशी, मुंग्यांचं एक वारूळ होतं. त्याच्या दारावर एक पहारेकरी मुंगी उभी असे. येणाऱ्या प्रत्येकाला ती मिशा लावून हुंगायची. परका वास आला की दारावरच्याच दुसऱ्या पहारेकरणीकडे, आपल्या शेजारणीकडे बघायची, आणि तिनेही होकाराची मान हलवली तरच तुटून पडायची. एकदा तुटून पडली की मात्र मिशा मागे मिटून घ्यायची. शत्रू कळला, आता आणखी हुंगायचं कशाला? वास विरला की मिशा पुन्हा उघडायच्या.

त्या वारुळात एक म्हातारा मुंगळा होता. तो जन्मात एकदाही दारावर उभा राहिला नव्हता, पण संशय घ्यायला कधी चुकला नाही. मोठ्यांना हे काम फार आवडतं, तुम्ही घरी पाहिलंच असेल. तो सांगत सुटला, की ऐन लढाईत मिशा मिटते म्हणजे ही काहीतरी लपवते. शेजारणीला विचारते म्हणजे दोघींचा कट आहे. मग जो तो पहारेकरणीकडे तिरका बघू लागला. तिने परोपरीने समजावलं, की लढताना आपल्याच मुंग्यांना शत्रूचा वास लागतो, तेव्हा मिशा उघड्या राहिल्या तर आपलं-परकं कळणार नाही.

"पोरी, तू कालची. आम्हाला शिकवू नकोस," मुंगळा म्हणाला. त्याने बाभळीचा डिंक आणवला आणि तिच्या मिशा ताठ चिकटवून टाकल्या. शेजारणीला विचारायचं नाही, असंही बजावलं.

तिसऱ्या दिवशी अंडी खायला भुंगेरा आला. सगळ्या धावल्या, भुंगेरा मेला. वास मात्र प्रत्येकीच्या पायांना लागून राहिला. विखुरलेली अंडी उचलून एक मुंगी आत जाऊ लागली, तशी पहारेकरणीने तिची मान पकडली. मग दुसरीची. शेजारणीने मान हलवली नव्हती, पण तिला आता विचारायचंच नव्हतं. अंडी दारातच फुटली.

मुंगळा इतका वेळ आत दडून होता. भुंगेरा मेल्यावर मागच्या वाटेने बाहेर येऊन त्याच्या पाठीवर चढून उभा राहिला होता, जणू यानेच मारला. आता तो ऐटीत दाराशी आला. पहारेकरणीने त्याचा पाय दातांत धरला.

"अगं, मी आहे. मिशा मीट."

"डिंक वाळलाय, आजोबा," ती म्हणाली. "आणि वास भुंगेऱ्याचा येतोय."

मुलांनो, तुमच्या रक्तातही टी पेशी नावाच्या पहारेकरणी आहेत. शत्रू ओळखून चवताळल्या की त्याही आपल्या अंगावरच्या ओळखायच्या मिशा आत ओढून घेतात, आणि स्वतःला आवरायचा लगाम बाहेर काढतात. तिथे कुणी म्हातारा डिंक घेऊन जात नाही, हे तुमचं नशीब.

तात्पर्य : थांबता येणं हासुद्धा पहाराच आहे, जो कधी दारावर उभा राहिला नाही, त्याला ती फितुरी वाटते.