राजाच्या अंगठ्याएवढी गोळी

“चाळीस नाही, ऐंशी!” राजे रणभान गरजले. “दर शिपायाच्या पट्ट्यात ऐंशी काडतुसं हवीत. पट्ट्याचं वजन मात्र आहे तेवढंच! जरा जरी वाढलं, तर भिवरे, तू नि तुझ्या हाताखालच्या चार बायका भट्टी सोडून चालत्या व्हा!”

शस्त्रागारात गोळ्या ओतणारी म्हातारी भिवरा मान खाली घालून उभी होती. तोंडात तीन दात, हातांवर शिशाचे चटके, आणि जन्मात आलेली एकच विद्या, शिसं वितळवून साच्यात ओतायचं. भट्टी गेली तर खाणार काय? या वयात तिला कुणी नाचायला थोडंच बोलावणार होतं!

राजांचा राग खोटा नव्हता. सरहद्दीवरच्या लढाईत दुपारीच काडतुसं संपली, नि फौज रिकाम्या बंदुका खांद्यावर टाकून पळत घरी आली होती.

“सरकार, गोळी जरा लहान केली तर...”

“लहान? आमच्या घराण्यात गोळी राजाच्या अंगठ्याएवढी असते! दसऱ्याला आम्ही मेणात अंगठा दाबतो, त्या मापाचा साचा होतो. रीत मोडायची नाही! आणि चारशे पावलांवरची सागवानी फळी फुटली पाहिजे. मुदत दसऱ्यापर्यंत!”

दसरा आठ दिवसांवर. राजांचा अंगठा तर काय सांगावा! दरसाल श्रीखंड वाढे तसा अंगठा वाढे, नि अंगठा वाढे तशी गोळी. बार काढला की शत्रूआधी शिपाईच आडवा!

भिवराने फडताळ उघडलं. दर दसऱ्याचं मेण तिथे जपून ठेवलेलं. काय ठेवावं नि काय टाकावं, हे तिला कधी कळलंच नव्हतं. चाळीस ठसे ओळीनं. सगळ्यात पहिला पाहिला मात्र, नि तिनं कपाळावर हात मारला.

“भिवरे, चाळीस वर्षं या फडताळापुढे बसून भाकरी खाल्लीस. डोळे काय चुलीत घातले होतेस?”

ठसा घेऊन ती हैबती लोहाराकडे गेली. “एवढ्याच भोकाची नळी कर. आतून पिळाच्या खाचा पाड, म्हणजे गोळी गरगरत सरळ जाईल.”

“अक्का, यानं उंदीर तरी मरेल का?”

“मी अडाणी, पण दाभण मला कळतं! गोणी शिवायला मुसळ घेतोस का रे? गोळी बारीक नि लांबट ओतते. मागून दारूचा जोर तोच, पुढे ओझं कमी. जाईल सुसाट!”

“आणि नळी फुटली तर?”

“भिंत जाड ठेव. पहिला बार मीच काढते. जाऊन जाऊन माझे तीन दात जातील!”

दसऱ्याला सारा दरबार मैदानात जमला. आधी राजांच्या मापाची बंदूक, शिपायाच्या हाती. धडाड्! शिपाई उताणा पडला, नि गोळी फळीच्या अलीकडेच धुळीत बसली. मग भिवराची. सण्ण! फळीतून आरपार जाऊन गोळी मागच्या बांधात रुतली. मग तराजू आला. एका पारड्यात चाळीस जुनी काडतुसं, दुसऱ्यात ऐंशी नवी. नवं पारडं वरच राहिलं! भिवराने त्यात आपट्याची पाच पानं टाकली, तेव्हा कुठे काटा मधोमध आला.

राजांच्या भुवया चढल्या. “हे सगळं ठीक! पण रीत मोडलीस. ही गोळी माझ्या अंगठ्याएवढी कुठे आहे?”

भिवराने कनवटीचं मेण काढून पुढे धरलं.

“अंगठा तुमचाच आहे, सरकार! पाळण्यात असताना गादीवर बसलात, त्या दसऱ्याचा. दिवाण म्हणाले, एवढ्याशा गोळीनं काय होणार, जुनाच साचा चालू दे. सगळ्यांत मोठ्यानं हसले ती मी! पुढे तुम्ही वाढलात, गोळी वाढली, माझी अक्कल तेवढी पाळण्यात राहिली.”

“पण तेव्हा मी तान्हा होतो!”

“राजे होतात की नव्हतात, एवढंच सांगा!”

राजांनी मेणातला ठसा पाहिला, स्वतःचा अंगठा पाहिला, आणि असे हसले की पोटावरचा शेला सुटला. “म्हणजे फौज पळाली ती माझ्या श्रीखंडानं! भिवरे, मरेपर्यंत भट्टी तुझी. साचा हाच! आणि हे घे...”

अंगठ्यातलं सोन्याचं वळं ते काढायला गेले. ते निघेना! शेवटी हैबतीनं कानस लावून कापलं, नि भिवराच्या दोन बोटांत मिळून ते एकदाचं बसलं.