बहियाची टोपली

एकदा काय झालं, कैरो शहरात एक मुलगी राहायची. तिचं नाव बहिया.

कैरो कुठं आलं? मिसर देशात. माझे मामा बोटीवर खलाशी होते ना, ते जाऊन आले होते तिथं. ते सांगायचे, त्या शहरात एवढे मनोरे की पहाटेची बांग एका मनोऱ्यावरून निघायची आणि सगळ्या गावाला फिरून यायची. गच्चीवर चढलं की नदीपलीकडे पिरॅमिड दिसायचे. पण गल्ल्या मात्र अगदी अरुंद, बरं का. समोरासमोरच्या खिडक्यांतून बायका एकमेकींना मीठ द्यायच्या!

तर अशा एका गल्लीत बहिया आणि तिची आई नबविया राहायच्या. तिसऱ्या मजल्यावर. बाप नव्हता. आई फूल विकायची. हसू नका, ते आपलं देवाला वाहायचं फूल नव्हे. तिकडे वालासारखे मोठे दाणे असतात, त्यांना फूल म्हणतात. संध्याकाळी आई ते तांब्याच्या हंड्यात भरायची आणि हंडा न्यायची हमामखान्यात. तिथं लोकांच्या अंघोळीचं पाणी तापवायची मोठी भट्टी होती. तिच्या राखेत हंडा पुरून ठेवायचा. सकाळपर्यंत दाणे लोण्यासारखे मऊ. मग त्यावर तेल, जिरं, लिंबू. सगळी गल्ली नबवियाच्या दारात वाडगे घेऊन उभी!

आणि जिना उतरायला नको म्हणून प्रत्येक खिडकीतून एक टोपली खाली सोडलेली. वरून हाक मारायची, खालचा माणूस भाजी ठेवायचा, पाव ठेवायचा, की टोपली वर. बहिया टोपली ओढतच मोठी झाली म्हणा ना.

मग तिचं लग्न झालं. नवरा इद्रीस, खजुराचा व्यापारी. माणूस चांगला, कमी बोलणारा. पण राहायचा कुठं? वाळवंटाच्या पार, एका हिरव्या गावात. उंटावरून महिनाभराची वाट. निघताना आईनं बहियाला खिडकीतली टोपली दिली आणि नवा दोर वळून दिला. वळताना त्यात आपले चार केसही घातले.

"याचा तिकडे काय उपयोग गं, अम्मा?" बहियानं विचारलं.

"असू दे. माहेरची वस्तू आहे," आई म्हणाली.

सासरी काही कमी नव्हतं. तिकडच्या मीठ मुरलेल्या मातीचं उंच घर, खाली खजुराची बाग, गोड पाण्याचा झरा. पण बहियाला तिथली शांतता सोसेना. गल्लीत कसं, दुपारी सरबतवाला पितळी वाट्या वाजवत यायचा, ज्येष्ठमधाचं गार सरबत घेऊन. रोज्यांच्या महिन्यात ढोलकीवाला पहाटे खिडकीखाली उभा राहून एकेकाचं नाव घेऊन उठवायचा. "उठ गं बहिया, उठ!" इथं नाव घ्यायला कोण होतं? ती जेवेनाशी झाली. बोलेनाशी झाली.

"मला एकदा घेऊन चला ना," ती म्हणाली.

"एवढ्या लांब? विसरशील हळूहळू," इद्रीस म्हणाला. मनात वाईट नव्हतं हो त्याच्या. त्याला खरंच तसं वाटायचं.

मग एके सकाळी काय झालं, बहियानं सवयीनं ती टोपली खिडकीला लावली. आत मूठभर खजूर टाकले आणि दोर सोडायला लागली. सोडतेय, सोडतेय, दोर काही संपेना! खाली अंगण दिसत होतं, शेळ्या दिसत होत्या, पण टोपली कुठंच नाही. तेवढ्यात दोराला खालून हिसका बसला. तिनं भराभर वर ओढलं. बघते तर खजूर नाहीत आणि टोपलीत गरम, फुगलेला पाव! तिच्या गल्लीतल्या भट्टीचा, खाली कोंडा लागलेला. बहियानं तो गालाला लावला आणि रडत रडत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी तिनं दोर खुंटीला बांधून टोपली सोडली. तर ती धप्पकन शेळ्यांत पडली. म्हणजे दोर कुणीतरी हातात धरायला हवा, तरच तो तिकडे पोचायचा. मग तिनं हातात धरला. आणि वर काय आलं? आईच्या हातचं फूल! वाडग्यातून वाफ निघत होती. दोराला कान लावला तर लांबून वाट्यांचा आवाज आला, किणकिण, किणकिण.

तिसऱ्यांदा तिनं टोपलीभर खजूर सोडले. वाट पाहिली. हिसका नाही. ओढून घेतलं तर खजूर तसेच. एकालाही कुणी हात लावला नव्हता.

बहियानं टोपली तिथंच टाकली. ती धावत इद्रीसकडे गेली आणि सगळं सांगितलं. "अम्माला काहीतरी झालंय. मी जाते खाली."

इद्रीसनं दोर बोटांनी चाचपला. "विरलाय गं हा खिडकीवर घासून. तुटला तर?"

"तुटला तर तुटला!"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. लग्नानंतर एवढं मोठ्यानं ती पहिल्यांदाच बोलली होती. मग तो म्हणाला, "जा तू. दोर मी धरतो. तू हिसका देईपर्यंत सोडणार नाही."

बहियानं टोपलीत पाय ठेवला. टोपली सुपाएवढी झाली, मग चांगली हाऱ्याएवढी झाली. ती आत बसली, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा आपल्या गल्लीत! तेच दगड, तीच वाकडी पायरी. पण दारात वाडगे नव्हते. तांब्याचा हंडा कोपऱ्यात गार पडला होता, आणि वर आई तापानं फणफणली होती.

"बहिया? स्वप्नात आलीस का गं?"

"नाही अम्मा. टोपलीतून आले."

मग बहियानं आईच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. शेजारणींनी काढा केला, सूप केलं. संध्याकाळी बहिया स्वतः हंडा घेऊन हमामखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी गल्ली पुन्हा दारात. सरबतवाला खालून ओरडला, "बहिया आली! अरे, बहिया आली!" असे काही दिवस गेले. आईचा ताप उतरला. आई उठून बसली.

"आता चल माझ्याबरोबर," बहिया म्हणाली.

"छे गं. ही गल्ली सोडून मी काय करू तिकडे वाळूत? तू जा. बरं, वर दोर कुणी धरलाय?"

"त्यांनी."

"इतके दिवस? आणि जेवण?"

ते बहियाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला काय माहीत!

नबविया ताडकन उठली. "माझा जावई उपाशी? आणि आम्ही इथं ताव मारतोय? हो बाजूला!" तिनं भरलेला हंडा उचलला, जिना उतरून गल्लीतल्या टोपलीत ठेवला आणि स्वतः आत बसली. "त्याला जेवायला घालते आणि येते," म्हणाली, आणि दिला हिसका!

वर इद्रीस उभाच होता. हाताला फोड आले होते, डोळे तारवटले होते. शेजारी पाणी पाजून जायचे तेवढंच. हिसका बसला तसा तो जोर लावून ओढायला लागला. खिडकीत आधी आला हंडा. मग आली सासू!

"जावईबापू, आधी बसा. खा," नबविया म्हणाली.

आणि तिचा पाय खिडकीच्या आत पडतो न पडतो, तोच दोर तटकन तुटला.

आता? मुलगी तिकडे, आई इकडे! पण इद्रीस खाली बसला, सासूच्या हातचं पोटभर जेवला आणि सावकाश म्हणाला, "अम्मा, एवढे दिवस दोर धरून मला एक कळलं. तिला तिचं गाव किती ओढतं ते. उद्या उंट काढतो."

मग दोघं निघाली. वाटेत वाळूचं वादळ आलं, एक विहीर कोरडी लागली, एक उंट लंगडला. पण इद्रीस मागे फिरला नाही. महिन्यानं कैरोची वेस दिसली. बहियाला उंटांच्या घंटा ऐकू आल्या, आणि ती हातातली पळी टाकून जिन्यावरून धावत सुटली. वेशीपर्यंत अनवाणी! आईला मिठी मारली आणि भर रस्त्यात नवऱ्याचे दोराचे वण पडलेले हात हातात घेऊन रडली.

तेव्हापासून त्यांनी असं ठरवलं, की खजूर उतरले की सगळ्यांनी कैरोला यायचं, आणि मोहोर धरायच्या वेळी परत जायचं. नबवियाही कधीमधी उंटावर बसून जायची, वाळूला नावं ठेवत ठेवत. पुढे बहियाला मुलगी झाली, तीही वाटेवरच, तंबूत. "तुझं गाव कुठलं गं?" असं कुणी विचारलं, की ती पोर दोन्ही हात दोन्हीकडे पसरायची.

आता ती हमामखान्याची राख गेली, ते उंटांचे तांडे गेले. मामाही गेले. पण ती माणसं सुखात राहिली, बरं का, अगदी म्हातारी होईपर्यंत. चला, पांघरूण घ्या अंगावर. मिटा डोळे.