‘हं, चालू द्या’ म्हणणारा ओतारी

फार मागे, अश्मक देशावर सुमंगल राजाचा अंमल होता त्या काळी, बोधिसत्त्वांचा जन्म गोदावरीकाठच्या एका नगरात, ओताऱ्याच्या घरी झाला. नाव मित्रक. मोठेपणी तो सोमिल नावाच्या धन्याकडे घंटांचे साचे घडवू लागला. हात शांत, बोलणं बेताचं. पण आधी सोमिलाविषयी सांगतो, कारण दुखणं त्याचं होतं.

सोमिलाच्या घंटेचा नाद ऐकायला परगावची माणसं येत. नखाने टिचकी मारून घंटेतली खोट सांगावी ती सोमिलानेच. त्या सोमिलाला गेली तीन वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. जन्म भात्याच्या घरघरीत आणि हातोड्याच्या ठणठणाटात गेलेला, कान किती टिकणार? पण घंटा घडवणाराच बहिरा झाला हे लोकांना कळलं तर! म्हणून तो ते लपवत राहिला. बायको वारलेली, त्यामुळे घरात चोरी पकडणारंही कोणी नव्हतं. त्याने आपलं एक उत्तर ठरवून टाकलं. कोणी काहीही बोललं की मान हलवायची आणि म्हणायचं, “हं, चालू द्या.”

आता गंमत बघा. “धनी, भात्याचं कातडं फाटलंय.” “हं, चालू द्या.” “धनी, मेण संपत आलंय.” “हं, चालू द्या.” कामगार आधी हसले, मग चिडले, मग त्यांनी बोलणंच सोडलं. धन्याला आपली किंमत नाही, असं ते आपसांत कुजबुजत. ती कुजबुज सोमिलाला दिसायची. ऐकू येत नव्हती, नुसती दिसायची. त्याला वाटे, माझीच टिंगल चाललीय. तो आणखी तिरसट झाला. एका छपराखाली वीस माणसं, आणि सगळी एकमेकांवर रुसलेली!

अशात राजाने मोठी घंटा मागवली. नदीला पूर आला की घाटावरच्या लोकांना सावध करायला ती वाजवायची होती. ओतायला पौर्णिमेचा दिवस ठरला. मित्रकाने साचा घडवला, पण हवा दमट होती आणि माती सुकता सुकेना. साच्यात ओल राहिली आणि त्यात वितळलेलं कासं ओतलं, तर आतल्या आत वाफ कोंडते, साचा फुटतो आणि जवळचा माणूस जळतो. ओताऱ्याच्या घरात हे कोणाला शिकवावं लागत नाही.

पौर्णिमेला सकाळी भट्टी पेटली. भाता ओढणारी चंपिका सोमिलाजवळ गेली. तिचा नवरा त्या दिवशी रसाची मूस उचलणाऱ्या चौघांत होता. ती म्हणाली, “धनी, साचा अजून ओला आहे.”

“हं, चालू द्या.”

ती दात आवळून मागे फिरली. मित्रकाने पुढे होऊन तेच सांगितलं. त्यालाही तेच उत्तर मिळालं. चौघांनी मूस उचलायला हात घातले. धन्याचा हुकूम, आता काय बोलायचं?

मित्रक क्षणभर धन्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. हा माणूस तिरसट आहे खरा, पण आपल्या माणसांना जाळणारा नाही, हे तो जाणून होता. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने सोमिलाचा हात धरला, त्याला साच्याजवळ नेलं आणि त्याचा तळवा साच्याच्या तोंडाशी ठेवला.

तळव्याला गार ओल लागली. सोमिल चौघांकडे वळून ओरडला,

“थांबा! अरे, मरायचंय का? मला कोणी सांगितलं कसं नाही?”

कोणी हललं नाही. चंपिकेचे ओठ तेवढे हलले. तिचा शब्द त्याला ऐकू आला नाही, पण रागाने इतका स्वच्छ उच्चारलेला शब्द ओठांवरूनही वाचता येतो. ‘सांगितलं!’

रस वाया गेला, दिवस टळला. दुसऱ्या दिवशी राजाचा अमात्य देवल चौकशीला आला. बड्या माणसांना ओरडावं लागत नाही, देवल हळूच बोलायचा. सोमिल दोन हात अंतरावर उभा होता, त्याला एक अक्षर कळलं नाही. आपण मात्र ऐकायला हरकत नाही.

देवल म्हणाला, “मित्रका, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हणे. ओल्या साच्यात ओता म्हणाला. तू चारचौघांत तेवढं सांग, ही भट्टी आजपासून तुझी.”

“स्वामी, काम थांबलं ते साचा ओला होता म्हणून. आणि साचा मी घडवला.”

“म्हणजे चूक तुझी?”

“सुकला नसताना तो मी भट्टीपर्यंत येऊ दिला. एवढी चूक माझी. बाकी जे असेल ते धनी सांगतील, मी नाही.”

“मग या नगरात पुन्हा साच्याला हात लावू नकोस.”

मित्रकाला आपलं गुपित कळलंय, आता तो ते सांगून मोकळा झाला असणार, असं सोमिलाला वाटलं. पण मित्रकाने मान खाली घातली आणि तो आपली हत्यारं गोळा करू लागला. चंपिका पदराने डोळे पुसत होती. सांगणाराच का निघाला? सोमिलाला काही उमजेना. तेवढ्यात देवल त्याच्याकडे वळला आणि त्याने विचारलं, “तुला हे मान्य आहे ना?”

ओठ हलताना दिसले. सवयीने सोमिलाची मान हलली. “हं...” एवढं तोंडातून निघालंही. पुढचे दोन शब्द जिभेवर आले होते. त्याने मित्रकाकडे बघितलं आणि ते गिळले.

“मला ऐकू आलं नाही,” तो म्हणाला. “तीन वर्षं झाली, मला ऐकू येत नाही. मी लपवलं. काल ओता म्हणालो तो मी. याने तर सगळ्यांचा जीव वाचवला.”

अगं बाई, असं कोणीतरी मागे पुटपुटलं. चंपिका पुढे आली. त्याच्या अगदी समोर उभी राहून, एकेक शब्द तोडून म्हणाली, “गेल्या चैत्रात माझी आई शेवटच्या घटका मोजत होती. मी म्हणाले, धनी, जाऊ द्या. तुम्ही म्हणालात, चालू द्या. मी भाता ओढत राहिले. आई गेली.”

“पुन्हा सांग,” सोमिल म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं. या वेळी त्याला सगळं कळलं आणि तो जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला.

“पोरी, मी ऐकलंच नाही गं!”

“आणि मला वाटत राहिलं, तुम्ही ऐकून नाही म्हणालात.” ती त्याच्याशेजारी खाली बसली आणि तीही रडली. वर्षभर धरलेला राग सोडायचा तर रडू यायचंच.

देवलाने पायात चप्पल सरकवली. “मित्रका, तुझी बंदी उठली. पण बहिऱ्याची घंटा राजाला देऊ?” त्याने विचारलं.

“साचा सुकू द्या, नवव्या दिवशी या,” मित्रक म्हणाला.

नवव्या दिवशी ओतण्याआधी भाता थांबवला. सगळे उजेडात, सोमिलासमोर येऊन उभे राहिले. ज्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं आणि सोमिलाने ते आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवलं. चुकलं की माणसं हसत, तोही हसे. मग घंटा ओतली आणि ती घाटावर टांगली गेली. त्या भट्टीत पुढे कायम हीच रीत राहिली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली तेव्हा विहाराचे व्यवस्थापक, वडीलधारे भिक्खू स्थविर गुणिल आणि त्यांच्या हाताखालचे भिक्खू यांच्यात कित्येक दिवस अबोला होता. शास्ते म्हणाले, “तेव्हाचा सोमिल म्हणजे हे गुणिल. चंपिका म्हणजे विहारात पाणी भरणारी उपासिका चित्रा. देवलही इथेच बसलाय, पण आता त्याचं मन निवळलंय, म्हणून नाव घेत नाही. मित्रक मी होतो.”

गुणिल शेजारच्या भिक्खूकडे वळून म्हणाले, “परवा तू काहीतरी म्हणत होतास. मी लक्ष दिलं नाही. काय होतं ते?”

दुसऱ्याची लाज झाकून त्याला खरं बोलायला धीर देणारी ही मैत्री. त्या जन्मी बोधिसत्त्वांनी जिची पूर्णता साधली, ती हीच मैत्री पारमिता.