दादाची सही

माझा भाऊ संपतदादा वारून सव्वीस दिवस झाले होते. तो जिला रोज खारी घालायचा, त्या गल्लीतल्या लंगडी कुत्रीला कुणीतरी कुत्र्यांच्या आसऱ्यात नेऊन सोडलं होतं. कळलं तसा मी तडक तिला आणायला गेलो.

आसऱ्याचे प्रमुख घाटपांडे साहेब कुणाला कुठलं कुत्रं जमेल याचा तक्ता उघडून बसले. "तुझा स्वभाव तापट. तुला लॅब्राडॉर जमणार नाही, आणि पामेरियनला तू जमणार नाहीस."

"मला लंगडीच पाहिजे, साहेब."

"मग रेशनकार्डावरच्या सगळ्यांच्या सह्या लागतील." साहेबांनी माझं कार्ड पाहिलं. "हा संपत कुठाय?"

"तो वारला."

"कार्डावर नाव आहे ना? मग आमच्या लेखी तो जिवंत. त्याला आण. आणि लवकर, परवा ती दुसऱ्या गावी जाणार."

टेबल उलटं करावं असं वाटलं. तेवढ्यात साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला, "दिवसभर तिच्यापाशी कोण राहील?"

"संपतदादा. आता दिवसभर रिकामाच असतो. जेवायलासुद्धा मागत नाही."

साहेब उसळले. "अरे, मेलेला माणूस कुत्री सांभाळेल का?"

"नाही ना? मग मेलेला माणूस सही कशी करेल? लिहा, कुत्री माझ्यासोबत पंक्चरच्या दुकानात बसेल."

आसऱ्यातली माणसं फिदीफिदी हसली. साहेबांनी दादाचा रकाना मोकळा सोडून शिक्का मारला.

लंगडीनं कसलाच कागद मागितला नाही. माझ्या अंगातला शर्ट हुंगला आणि शेपूट हलवत पुढं चालू लागली. शर्ट दादाचा होता.